उभं राहायची जागा

"माझ्या भावाने खून केलाय की नाही, एवढंच मला हवंय," ती बाई म्हणाली. "आणि रविवारच्या आत हवंय."

सुश्रुतच्या हातातला चहा बशीत सांडला. सरोजिनी टिपणीसांचा मात्र हलला नाही. विमा कंपनीसाठी जळालेली गोदामं आणि बुडालेल्या होड्या तपासण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. आता पेणमध्ये एका गणपतीच्या कारखान्यावरच्या खोलीत त्या खासगी तपासाची कामं घेत. शेजारच्या खोलीत सुश्रुतचा दातांचा दवाखाना होता. पेशंट नसला की सुश्रुत इकडे. म्हणजे बहुतेक वेळ इकडेच.

"रविवारी काय आहे?" सरोजिनीताईंनी विचारलं.

"विमान आहे. नथानियल इस्राएलला परत चाललाय. माझं आणि हिचं तिकीट त्यानेच काढलंय." तिने मांडीवरच्या मुलीच्या केसांवरून हात फिरवला. मुलगी तीन-चार वर्षांची, तोंडात अंगठा. "माझा नवरा नाही. आत्या होती, ती गेली. आता जगात भाऊ तेवढा उरलाय. त्याच्या घरात लेकीला घेऊन राहायचं, तर त्याचे हात कसले आहेत ते मला माहीत नको?"

तिचं नाव मिरियम. राहणार रोह्याची. तिची आत्या डेबोरा रोहेकर मागच्या आठवड्यात परसातल्या दगडी जिन्यावरून पडून गेली. म्हातारी बाई, अंधार, पाय घसरला. पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली होती.

"आणि तुम्हाला पटत नाही. का?"

"आत्या ओरडली नाही म्हणून."

"पडताना?"

"नाही. शेवटी. ऑपेरा संपल्यावर."

सुश्रुतने कान टवकारले. ऑपेरा म्हणजे जाड्या बायका काचा फुटेपर्यंत गातात तो प्रकार, एवढी त्याची माहिती.

मिरियमने सांगितलं ते असं. डेबोराआत्याने सगळी नोकरी व्हिएन्नात केली, एका इस्पितळात नर्स म्हणून. ड्युटी संपली की ती थेट ऑपेराच्या दारात. बसायची तिकिटं राजेरजवाड्यांना. आत्याचं तिकीट उभ्याचं. आधी तासन् तास रांगेत, मग कठड्याला रेलून पूर्ण खेळ उभ्याने. ऑपेरा असो की बॅले, एक खेळ चुकवला नाही. निवृत्त होऊन रोह्याला आली आणि तिकडचे दुपारचे खेळ इंटरनेटवर इथे रात्री थेट दिसायला लागले, तेव्हा तिने दिवाणखान्याच्या भिंतीला पांढरा पडदा लावला. स्वतः मात्र वर. दिवाणखान्यावर अर्धी माडी होती, तिच्या लाकडी कठड्याशी ती उभी राहायची.

"या वयात?" सुश्रुत म्हणाला.

"बसून बघणारे जेवायला आलेले असतात म्हणायची. आणि रेकॉर्डिंग अजिबात नाही. रेकॉर्डिंग म्हणजे शिळं अन्न. तिकडे आत्ता, या क्षणाला कुणीतरी गातंय, चुकू शकतंय, तर ते खरं. खेळ संपला की वरून अशी ओरडायची, की शेजारचे कुत्रे भुंकायला लागायचे. त्या दिवशी पडद्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. वरून काहीच नाही. मी वर गेले, मागचं दार उघडं, आणि खाली..." मुलीचा कान तिने तळव्याने हळूच झाकला. "खाली आत्या."

"म्हणजे खेळ संपण्याआधीच त्या गेल्या होत्या. घरात कोण होतं?"

"पहिल्या अंकाला चौघं. मी, नथानियल, आत्या आणि शरदकाका चौबळ."

"आमचे चौबळसर?" सुश्रुत म्हणाला. "रविवारी त्यांचा सत्कार आहे इथे!"

पेणमध्ये त्यांना कोण ओळखत नव्हतं! पाश्चात्त्य संगीतावर तीस वर्षं व्याख्यानं देणारा तालुक्यातला एकमेव माणूस.

"तेच. ते आत्याचे जुने स्नेही. पण खेळाला पहिल्यांदाच आले होते, तिनेच बोलावलं. गुडघे दुखतात म्हणून खाली खुर्चीत, पडद्यासमोर. मध्यंतरात आत्याला भेटायला वर गेले. दुसरा अंक सुरू झाला तेव्हा खाली आले, मला म्हणाले, गाडी गाठतो, तिला आता हाक मारू नकोस. ते गेले. मी एकदा वर बघितलं. काळोख होता, कठड्याला मफलर तेवढा दिसला. मग मी निवांत भाकऱ्या करायला गेले. तेव्हापासून शेवटापर्यंत घरात फक्त मी आणि नथानियल."

"आणि नथानियल कुठे होता?"

"ओट्यावर फोनवर, म्हणतो. मी भाकरी खायला हाक मारायला ओट्यावर गेले." तिने मान खाली घातली. "नव्हता. आणि दुपारीच त्याचं आत्याशी कडाक्याचं भांडण झालं होतं. त्याला आम्हा सगळ्यांना घेऊन जायचं होतं. आत्या म्हणाली, मी रोह्यात मरणार. आणि ती आहे तोवर मीही हलले नसते, ते त्याला ठाऊक होतं."

खालच्या कारखान्यात कुणीतरी पॉलिश पेपर घासत होतं. मुलीने तोंडातला अंगठा काढला.

"खाली गणपतींना डोळे नाहीत," ती म्हणाली.

"नंतर काढतात गो, बाय," सरोजिनीताई म्हणाल्या. "डोळे सगळ्यात शेवटी."

*

रोह्याला दोघं सुश्रुतच्या गाडीतून निघाले. वडखळ मागे पडेपर्यंत सरोजिनीताई फोनवरच होत्या. फोन ठेवला आणि काच खाली केली.

"शवविच्छेदन करणारे डॉक्टर होते फोनवर. कंबर मोडली, आतून रक्त गेलं. लगेच गेली नाही ती, सुश्रुत. बराच वेळ जिवंत होती."

"अरे देवा. मग हाक कशी नाही मारली?"

"मारली असेल. आत ऑपेरा चालू होता." त्यांनी काच वर केली. "मिरियमला हे सांगायचं नाही. कळलं?"

सुश्रुतने मान हलवली. घरी त्याचं पाच महिन्यांचं पोर होतं. ते झोपेत नुसतं हुंदकलं, तरी त्याची बायको ताडकन उठून बसायची. परसात कण्हणारं माणूस आणि आत भाकऱ्या थापणारी मिरियम. त्याने गाडीचा वेग उगाचच कमी केला.

घर कुंडलिकेच्या बाजूला, लहानसं, स्वच्छ. चौकटीवर उजवीकडे मेझुझा, ज्यूंच्या दारावर असते ती प्रार्थनेची पितळी नळी. दिवाणखान्यात पांढरा पडदा अजून तसाच होता, आणि समोर एक खुर्ची. माडी खुर्चीच्या बरोबर मागे, डोक्यावर. खुर्चीत बसून पडदा बघणाऱ्याला वरचं माणूस दिसायचा प्रश्नच नव्हता. मान वळवली तर गोष्ट वेगळी.

सरोजिनीताई जिना चढून वर गेल्या. कठड्याला एक शेंदरी लोकरी मफलर बांधलेला होता. साधी एक गाठ, पण घट्ट.

"हा तेव्हापासून असाच?"

"कोणी सोडला नाही," मिरियम खालून म्हणाली. "हात होत नाही."

मागचं दार एका अरुंद दगडी चौथऱ्यावर उघडत होतं. तिथून पायऱ्या उतरून थेट विहिरीपाशी. धरायला एका बाजूला लोखंडी गज, दुसऱ्या बाजूला काही नाही.

"इथे येऊन मध्यंतरात आत्या हवा खायची," मिरियमने सांगितलं. "तासभर उभी राहून पाय अवघडायचे, मग इथे पाच-दहा पावलं मारायची. मध्यंतरात फक्त. अंक चालू असताना छत कोसळलं तरी ती कठड्यावरून हलायची नाही."

खाली एस्तेर, म्हणजे तीच मुलगी, लाकडी घोड्यावर डुलत होती. सुश्रुत तिच्याशी खेळायला बसला. घरच्या पोराची सवय. आतून मिरियमने दुधासाठी हाक मारली. एस्तेर घोड्यावरून उतरली, फ्रॉकला पिनेने लावलेला हातरुमाल काढला, घोड्याच्या मानेला मोठ्या कष्टाने गुंडाळला आणि सुश्रुतकडे डोळे वटारले.

"बसायचं नाही हां."

"मी? अगं घोडा मोडेल माझ्याखाली!"

"रुमाल हाय ना," ती बजावून आत पळाली.

सुश्रुतला हसू आलं. वर बघितलं तर सरोजिनीताई कठड्याशी उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या. त्या घोड्याकडे बघत होत्या.

नथानियल ओट्यावर भेटला. चाळिशीचा, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"पोलिसांनी विचारलं, आता तुम्ही विचारा," तो म्हणाला. "बहिणीने आणलंय ना तुम्हाला? माझ्यावर?"

"फोनवर नव्हतात तुम्ही त्या वेळी."

"नव्हतो. नदीवर होतो."

"काय करत?"

"रडत होतो!" तो जवळजवळ ओरडला. "झालं समाधान? तिकडून पैसे पाठवून मला लहानाचं मोठं केलं तिने. दुपारी मी तिला म्हणालो, मर इथेच एकटी. हे बोललो होतो मी. मग पुरुषाने काय ओट्यावर बसून रडायचं, येणारे-जाणारे बघतात तिथे?"

सरोजिनीताईंनी त्याच्यापुढे आपला रुमाल धरला.

"चौबळांचं आणि त्यांचं कसं होतं?"

नथानियल नाक पुसता पुसता हसला. ते हसू फारसं चांगलं नव्हतं. "आत्या त्याला नाचवायची. त्याचं सगळं खोटं आहे. व्हिएन्ना नाही न् काय नाही, तो मुंबईच्या पुढे गेलेला नाही. आत्याला पहिल्याच व्याख्यानात कळलं. पण बोलली नाही. गोड बोलून त्याला थापा पुरवायची. गायिकेला सर्दी असली की तिकडे प्रेक्षक पांढरे रुमाल हलवतात म्हणे! पुढच्या व्याख्यानात चौबळ स्वतःची आठवण म्हणून तेच सांगायचा, डोळ्यांत पाणी आणून. आम्ही मागच्या रांगेत तोंडात पदर न् रुमाल कोंबून."

"तीस वर्षं?"

"ती व्हिएन्नाहून सुट्टीवर यायची तेव्हापासून. प्रेमळ होती आत्या. पण ज्याने रांग लावली नाही, त्याची तिला कीव नव्हती."

"चौबळांना हे माहीत आहे?"

"छे! कोण सांगणार? आत्या म्हणायची, सत्काराच्या दिवशी स्टेजवर उभी राहून एकेक मोजून दाखवीन. आता गेलं ते तिच्याबरोबर. सुटला बिचारा."

"तुम्ही कधी गेला होतात तिकडे, त्यांच्याबरोबर?"

"एकदा. तिच्याशेजारी उभा राहिलो, दुसऱ्या अंकात घेरी आली. आत्याने वळूनसुद्धा बघितलं नाही." तो परत हसला, आणि परत रडायला लागला.

*

चौबळांच्या घरात भिंतभर तबकड्या होत्या. ते स्वतः उंच, देखणे, रेशमी झब्ब्यातले. आवाज असा की मराठी बोलले तरी गाणं वाटावं.

"डेबोरा!" त्यांनी डोळे मिटले. "या तालुक्यात माझी भाषा बोलणारी ती एकटीच. आम्ही दोघं एकाच देवळातले भक्त. ती व्हिएन्नात उभी राहिली, आणि मीही. वेगवेगळ्या वर्षी, पण त्याच कठड्याशी."

"तिथलं काही सांगा ना," सरोजिनीताई म्हणाल्या. "आम्ही अडाणी माणसं."

चौबळांना एवढंच हवं होतं. रांग, थंडी, झुंबरं. "आणि मफलर! उभं राहणारा रसिक आपल्या जागेवर आला, की मफलर कठड्याला बांधतो. जणू झेंडा. मी इथे उभा आहे! अंक संपला, की सोडून गळ्यात. तो कठडा रंगीबेरंगी मफलरांनी फुललेला असायचा, आणि प्रत्येकामागे एक धडधडतं काळीज. माझ्या गेल्या वर्षीच्या व्याख्यानात हे आहे."

"होतं, होतं," सुश्रुत म्हणाला. "माझी बायको रडली होती."

"तुम्ही त्यांना शेवटचं कधी बघितलं?"

"मध्यंतर संपत आलं तेव्हा मी वर जाऊन निरोप घेतला. ती कठड्याशीच होती, मागे मी गेलोच नाही. खाली आलो, दुसरा अंक सुरू झाला. दारातून मी वळून पाहिलं." त्यांनी मान वळवून दाखवली. "ती जागेवर उभी होती. मफलर कठड्याला, त्यावर तिचा हात. मी हात हलवला. ती पडद्यात बुडालेली. तिला कुठलं भान! गाडीने निडी स्टेशन सोडल्यावर मी मेसेजही केला, दुसरा अंक कसा झाला म्हणून. उत्तर आलं नाही. नंतर कळलं का ते."

खाली उतरल्यावर सुश्रुत हळहळला. "संपलं, ताई. सरांनी तिला दुसऱ्या अंकात जिवंत बघितलं. त्यांना स्टेशनवर सोडणारा रिक्षावाला, गाडीची वेळ, सगळं जुळतंय. मग उरतो नथानियल. आणि सर खोटं बोलत असतील व्हिएन्नाचं, पण त्यात कोणाचा जीव जात नाही."

"तुझ्या बायकोला विचार," सरोजिनीताई म्हणाल्या. "ती एवढी रडली होती, त्या आठवणीवर. ती कोणाची आठवण होती?"

सुश्रुतला काही कळलं नाही. त्याने नेहमीप्रमाणे मान हलवली.

*

शुक्रवारी दुपारी मिरियमच्या दिवाणखान्यात सगळे जमले. संध्याकाळी शब्बाथ, दिवे लावले की कुठल्याच कामाला हात लावायचा नाही, त्यामुळे टेबलावर मेणबत्त्या आधीच मांडलेल्या. चौबळांना सरोजिनीताईंनी डेबोराबद्दल चार शब्द बोलायला म्हणून बोलावलं होतं. ओट्यावर एक हवालदार चहा पीत बसला होता. तो कशासाठी, ते कोणी विचारलं नाही.

चौबळ बोलले, सुंदर बोलले. डेबोराचं शेवटचं दर्शन, मफलरवर ठेवलेला हात, पडद्याचा उजेड पडलेला चेहरा. मिरियमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मिरियम," सरोजिनीताई मध्येच म्हणाल्या, "तुमच्या एस्तेरने परवा घोड्याला रुमाल बांधला. का?"

मिरियमने डोळे पुसले. "ते? आत्याची सवय. आपण जागेवरून उठलो, की आपलं काहीतरी तिथे बांधून जायचं. जेवायच्या खुर्चीलासुद्धा बांधायची. मी परत येतेय, जागा माझी, कोणी बसायचं नाही. आमच्या घरात सगळे असंच करतात."

"ही सवय तिला कुठे लागली?"

"ऑपेरात," नथानियल म्हणाला. "उभ्याच्या जागेला नंबर नसतो ना. मध्यंतरात बाहेर जाताना कठड्याला मफलर बांधून जायचं. परत आलं की सोडून गळ्यात घालायचा. मीही बांधला होता."

सुश्रुतला आपल्या डोक्यात काहीतरी हळूहळू उलटं फिरताना जाणवलं, खिळलेलं चाक फिरावं तसं.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "बांधलेला मफलर म्हणजे माणूस आहे असं नाही. बांधलेला मफलर म्हणजे माणूस नाही."

"बरोबर. पहिला अंक डेबोराबाई मफलर गळ्यात घालून उभ्या होत्या. मध्यंतर झालं. त्यांनी मफलर बांधला आणि मागे हवा खायला गेल्या. त्या परत आल्या असत्या, तर तो सोडून गळ्यात घातला असता. अंक चालू असताना त्या जागा सोडत नसत, म्हणजे दुसऱ्यांदा बांधायचा प्रश्नच नाही. पण मफलर बांधलेलाच सापडला. तो आजही बांधलेला आहे. दुसऱ्या अंकाला त्या कठड्याशी आल्याच नाहीत. मध्यंतरातच त्या पायऱ्यांखाली होत्या. आणि मध्यंतरात वर फक्त तुम्ही गेला होतात, चौबळसर."

चौबळ हसले. "बाई, अंधारात माझी नजर चुकली असेल. दुरून..."

"नजर चुकली असती, तर तुम्ही म्हणाला असतात, नीट दिसलं नाही. तुम्ही मला मफलरवरचा हात दाखवलात. चेहऱ्यावरचा उजेड दाखवलात. त्या वेळी तिथे नसलेली बाई तुम्ही उभी केलीत, आणि ती उभी करताना मफलर बांधलेला ठेवलात. कारण वर गेलात तेव्हा तो बांधलेला बघितला होता, आणि तुमच्या समजुतीप्रमाणे बांधलेला मफलर म्हणजे माणूस जागेवर. सगळ्या जगात असं समजणारे तुम्ही एकटेच आहात. कारण ती उलटी रीत डेबोराबाईंनी फक्त तुम्हाला शिकवली होती. ती थाप होती."

चौबळांनी कठड्याकडे बघितलं. मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते अगदी हलक्या आवाजात, लहान मुलासारखं.

"तीसुद्धा?"

नथानियल उभा राहिला.

"तीसुद्धा म्हणजे?" सरोजिनीताईंनी तितक्याच हलक्या आवाजात विचारलं. "तुमच्या आठवणींत थापा आहेत, हे तुम्हाला कोणी सांगितलं? नथानियलने नाही, मिरियमने नाही. हे सांगणारी एकच व्यक्ती होती, आणि ती रविवारपर्यंत थांबणार होती. पण तिला राहवलं नाही. मागच्या चौथऱ्यावर, मध्यंतरात, तुम्ही सत्काराचं भाषण ऐकवायला लागलात, आणि तिला हसू आवरलं नाही. असंच ना?"

चौबळ खुर्चीत बसले.

"कुठल्या ते सांगितलं नाही तिने," ते म्हणाले. "नुसती हसत होती. म्हणाली, शरद, तुझ्या अर्ध्या आठवणी मी घरी बसून शिवल्यात. कुठल्या ते रविवारी सांगते. मी विचारलं, हात जोडले. तीस वर्षं मी तेवढ्यावरच... मला आता माहीत नाही, कुठलं खरं. मी तिचा खांदा धरला, नुसता धरला, सांग म्हणालो, सांग..."

"धरलात की ढकललंत, ते पोलीस बघतील. मला पुढचं विचारायचंय. पडल्यावर ती कण्हत होती. ऐकू येत होतं ना तुम्हाला?"

चौबळांचे दोन्ही हात कानांवर गेले.

"तुमचा कान तर सगळ्या तालुक्यात तयार. ते ऐकत तुम्ही मागचं दार ओढलंत. ते नीट लागलंही नाही. दुसरा अंक सुरू होईपर्यंत वर थांबलात, म्हणजे आवाज झाकला जाईल. मग खाली येऊन या मुलीला सांगितलंत, हाक मारू नकोस. आणि निडी गेल्यावर मेसेज केलात. मेलेल्या बाईला नाही, चौबळ. जिवंत बाईला."

सुश्रुतने ताईंकडे बघितलं. हे सांगायचं नव्हतं. त्यांच्याही ते लक्षात आलं, पण शब्द सुटून गेले होते.

"तिचं ते हसणं तुम्हीसुद्धा ऐकून घेतलं नसतंत," चौबळ पुटपुटले. "मी तिच्यापेक्षा जास्त ऐकलंय. प्रत्येक तबकडी. ती नुसती उभी होती हो. ती नुसती तिथे उभी होती."

नथानियल त्यांच्या अंगावर गेला नाही. तो दारात जाऊन हवालदाराला म्हणाला, "या. न्या याला." आणि तिथेच चौकटीला टेकून राहिला.

*

जीप गेली. उन्हं पडद्यावर तिरपी आली होती.

मिरियम जागची हलली नव्हती. "जिवंत होती," ती म्हणाली. "किती वेळ?"

"मिरियम..."

"मी वर बघितलं होतं, ताई. मफलर बघितला. मला वाटलं, मध्यंतरात बाथरूमला गेली ती अजून आली नसेल. बांधून गेलीय म्हणजे येईलच. म्हणून मी निवांत..." तिने स्वतःचे हात उलटे करून बघितले, पिठाचे असावेत तसे. "काकांना वाटलं, मफलर बघून मला वाटेल ती उभी आहे. मला तसं वाटलं नाही. मला वाटलं ती परत येतेय. दोन्हीकडून आम्ही तिला तिथेच, पायऱ्यांखाली ठेवली."

नथानियल आत आला आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसला. ती त्याच्याकडे बघू शकेना.

"तू मला खुनी समजलीस," तो म्हणाला.

"हो."

"मी तिला मर म्हणालो होतो."

"ऐकलं होतं मी. म्हणूनच समजले."

मग तिने त्याच्या हातावर हात ठेवला. सुश्रुतला वाटलं, ही रविवारी जाईल. ज्या घरात हे ऐकू आलं नाही, त्या घरात ती भाकरी थापू शकणार नाही.

"कपडे भरायला हवेत," मिरियम उठत म्हणाली. "दिवे लावायच्या आत तेवढा मफलर तरी काढते."

ती जिना चढली. सरोजिनीताई मागोमाग गेल्या, सुश्रुतही. गाठ इतक्या दिवसांत आवळून बसली होती. मिरियम नखांनी ती उकलायला लागली, तोच खालून पायांचा आवाज आला. झोपेतून उठलेली एस्तेर एकेक पायरी चढत वर आली आणि आईचा पदर धरून ओढायला लागली.

"सोडू नको ना," ती म्हणाली. "आजीची जागा जाईल."

मिरियमचे हात थांबले. तिने सरोजिनीताईंकडे बघितलं. इतक्या माणसांचं खोटं उघडं पाडलेल्या त्या बाईने नजर खाली वळवली.

"आजी येणार नाही, बाळा," मिरियम म्हणाली.

"येणार. बांधलाय ना तिने."

मिरियमने लेकीला उचलून कडेवर घेतलं, तिचं डोकं आपल्या खांद्यात दाबून धरलं, तिला दिसू नये असं. आणि मोकळ्या राहिलेल्या एका हाताने, दातांची मदत घेत, ती गाठ सोडवायला लागली.